तळावलीची सांत आना

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा सुमारे ४६ मीटर उंचीचा मोडका बुरूज एकटाच उभा आहे. १८३५ मध्ये मठ बंद झाला, गिलावा राखणारे हात गेले. १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भिंत. ती भिंत दिसत कशी असेल? मला याचे उत्तर तिसवाडीतल्याच तळावली गावी मिळाले.

तिथले सांत आनाचे चर्च १६९५ मध्ये पुरे झाले. दोन बाजूंना बुरूज, मध्ये पाच मजल्यांची दर्शनी भिंत, ही मांडणी ऑगस्टीनवरूनच उचललेली. तरी तिला नुसती नक्कल म्हणणे मला अन्यायाचे वाटते. भिंती एवढ्या जाड, की त्यांच्या पोटातच चिंचोळ्या वाटा काढल्या आहेत; पापनिवेदन ऐकण्यासाठी त्या वापरत.

दोन्ही इमारती जांभ्याच्या. जांभा उघडा पडला की पावसाचे पाणी पितो आणि झिजतो. वरचा चुन्याचा गिलावा हेच त्याचे कातडे. ते दर काही वर्षांनी नवे करावे लागते. ओल तळावलीच्या भिंतींनाही लागली, पण इथे डागडुजी करून घेणारे गाव पाठीशी होते. मठाला गाव नव्हते, साधू होते. ते गेले आणि सगळेच संपले.

जुलैच्या भरपावसात इथे तवशांचे फेस्त भरते. तवसे म्हणजे कोकणातली मोठी काकडी. सांत आना ही येशूची आजी. मूल मागणारी जोडपी तिला तवसे वाहतात. त्यांत हिंदूही असतात.