एक दिवस, नुसतं चालायचा

मास्टर्ससाठी ग्लासगोला गेलायत आणि असाइनमेंट, पार्टटाइम जॉब नि आईचा व्हिडीओ कॉल यांत आठवडे कसे उडतात ते कळत नाहीये? मग एक शनिवार केरेरा बेटाला द्या. फोटोपुरतं नाही, चालायला!

ग्लासगोहून ओबनपर्यंत ट्रेनने साधारण तीन तास. ओबनपासून तीनेक किलोमीटरवर गॅलनाखचा धक्का, आणि तिथून फेरीने जेमतेम पाच मिनिटं. जमलं तर ओबनमध्ये रात्र काढा, म्हणजे परतीच्या ट्रेनची धास्ती नाही.

केरेरा जेमतेम सात किलोमीटर लांब. दक्षिण भागाला वळसा घालणारी वाट दहा-अकरा किलोमीटरची. सह्याद्रीत घाम गाळलेल्यांना चढ किरकोळ वाटेल. पण इथं कुठला कडा सर करायचा नाहीये, त्यामुळे 'किती वेळात केलंस?' हा प्रश्नच उरत नाही. सुरुवातीला याचंच जड जातं, खरं सांगते. तासभर हात सारखा खिशातल्या फोनकडे जातो. रविवारपर्यंत द्यायचा रिपोर्ट आठवतो. मग कधीतरी मेंढ्या, वारा आणि समोरचं मल बेट एवढंच उरतं.

वाट कुणाच्या तरी कुरणातून जाते, तेव्हा आपल्याला उगाच चोरट्यासारखं वाटतं. वाटू देऊ नका. स्कॉटलंडमध्ये २००३च्या कायद्याने बहुतेक जमिनीवरून जबाबदारीने चालण्याचा हक्क सगळ्यांना दिलाय, तुमच्यासारख्या स्टुडंट व्हिसावाल्यांनाही. बदल्यात फाटक जसं होतं तसं ठेवायचं, मेंढ्यांना बुजवायचं नाही, कचरा परत न्यायचा.

दक्षिण टोकाला कड्यावर गायलन किल्ला आहे. मॅकडूगल घराण्याने १५८२मध्ये बांधलेला, १६४७मध्ये जाळला गेलेला. आता चार भिंती आणि खाली समुद्र. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे हेब्रिडीज बेटं नॉर्वेकडून घ्यायला निघालेला राजा दुसरा अलेक्झांडर १२४९मध्ये याच बेटावर तापाने गेला. मोहीम तिथंच थांबली.

डबा इथंच सोडा. उन्हाळ्यात वाटेवर चहा-केक मिळतो, पण त्या भरवशावर राहू नका. रेनकोट हवाच. वारा पडला की मिजेस नावाचे बारके किडे फोडून काढतात. आणि शेवटच्या फेरीची वेळ निघतानाच बघून ठेवा. ती चुकली तर आईला फोन करून सांगायला लागेल, की आज मी बेटावर अडकलेय. विश्वास बसायचा नाही तिचा.