टाके निघाले, पण डोकं अजून दमतंय!

समजा, तुमचा एक मित्र नांदेड-लातूर रोडवर लोह्याजवळ बाईकवरून पडला. हेल्मेट हँडलला लटकवलेलं. डोक्याला मार लागला, काही दिवस दवाखान्यात गेले. पुढे टाके निघाले, केस वाढले आणि तो लातूरच्या ऑफिसात पुन्हा रुजू झाला. सगळे म्हणाले, "चला, सुटला बाबा!"

खरी परीक्षा तिथूनच सुरू होते. दुपारपर्यंत त्याचं डोकं जड होतं. फोनची रिंग, पंख्याची घरघर, तिघांचं एकदम बोलणं, सगळं अंगावर येतं. साहेबांनी सांगितलेल्या तीन कामांतलं मधलंच विसरतं. घरी आला की न जेवताच आडवा होतो. बघणाऱ्याला वाटतं, पोरगं आळशी झालं.

हा आळस नाही बरं का! पाय मोडला की प्लास्टर दिसतं, मेंदूचा मार दिसत नाही. सौम्य दुखापतीत तर सीटी स्कॅनही नॉर्मल येऊ शकतो. तरीही थकवा, विसरभोळेपणा, चिडचिड, आवाज आणि उजेड सहन न होणं हे त्रास उरू शकतात. आधी आपोआप होणाऱ्या कामाला मेंदूला आता जास्त जोर लावावा लागतो.

मग करायचं काय? पहिल्याच दिवशी आठ तास नकोत. डॉक्टरांना विचारून अर्ध्या दिवसापासून सुरुवात करायची, जमेल तसे तास वाढवायचे आणि त्रास वाढला की एक पायरी मागे यायचं. अवघड काम सकाळी. एका वेळी एकच काम. लक्षात ठेवायचं ते वहीत किंवा मोबाईलमध्ये लिहायचं. आणि विश्रांती दमल्यावर नाही, दमायच्या आधी!

नरी कॉन्ट्रॅक्टर हे नाव ऐकलंय? मार्च १९६२मध्ये भारताचा हा कर्णधार बार्बाडोसला खेळत असताना चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. कवटी फुटली, शस्त्रक्रिया झाल्या. तो पुन्हा कसोटी खेळला नाही. पण प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये परतला आणि पुढे काही वर्षं खेळला. परत येणं म्हणजे अगदी पूर्वीसारखंच होणं नव्हे, हे इथं कळतं.

कायदाही माहीत असू द्या. नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही की खालच्या पदावर ढकलता येत नाही. जुनं काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यावं लागतं. खासगी नोकरीत मात्र आधीच साहेबांशी मोकळेपणानं बोललेलं बरं. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असली, तर बोलणं सोपं जातं.

आणि तुम्ही, दोस्तहो? "आता तर बरा दिसतोस की!" हे वाक्य तेवढं टाळा. कट्ट्यावर सगळ्यांनी एकदम बोलू नका. तो मध्येच उठून गेला, तर राग मानू नका.

डोक्याला मार लागल्यावर वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी किंवा झटका आला, तर "सकाळी बघू" म्हणू नका, तडक दवाखाना गाठा. आणि हँडलवरचं ते हेल्मेट? आजच डोक्यावर चढवा.