चढउतारांच्या आजाराचे दिवस कसे मोजतात?

मल्टिपल स्क्लेरॉसिस असलेली एखादी बाई सोमवारी भाजी चिरून फोडणी देते आणि गुरुवारी तिच्या हातात सुरीही ठरत नाही. तिला स्वयंपाक जमतो म्हणायचं की नाही?

इंग्लंड आणि वेल्समध्ये 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' हा भत्ता देताना हाच प्रश्न सोडवावा लागतो. नुसत्या आजाराच्या नावावर तो मिळत नाही. रोजच्या जगण्यातल्या 10 आणि हिंडण्याफिरण्याच्या 2 कृतींमध्ये किती अडचण येते, यावर गुण पडतात. दोन्ही भागांची बेरीज वेगळी. 8 गुणांना साधा दर, 12 गुणांना वाढीव.

आजार कमीजास्त होत असेल तर मागचे 3 महिने आणि पुढचे 9 महिने विचारात घेतात. निम्म्याहून जास्त दिवस जी अडचण असते, तिचे गुण मिळतात. पण तशी एकही नसेल तर? समजा, 30 दिवसांपैकी 12 दिवस ती बाई सगळं स्वतः रांधते, 10 दिवस मदत लागते (4 गुण) आणि 8 दिवस मुळीच जमत नाही (8 गुण). अडचणीचे दिवस मिळून 18, म्हणजे निम्म्याच्या वर. त्यांत मदतीचे दिवस जास्त, म्हणून 4 गुण.

'जमतं' याचीही कसोटी आहे: सुरक्षितपणे, नीट, हवं तितक्या वेळा आणि वाजवी वेळेत जमायला हवं. दुपारचा भात लावल्यावर संध्याकाळी पुन्हा ओट्यापाशी उभं राहवत नसेल, तर त्या दिवशी स्वयंपाक जमला असं धरायचं नाही. फेफऱ्याच्या रुग्णांसाठी 2017 मधला 'अप्पर ट्रायब्युनल' या वरच्या न्यायाधिकरणाचा निकाल फार मोलाचा आहे. इजा होण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असलीच पाहिजे असं नाही. झाली तर ती किती गंभीर असेल, हेही पाहायचं. त्यामुळे झटका न आलेल्या दिवशीही उकळत्या तेलाजवळ एकटं उभं राहणं असुरक्षित ठरू शकतं. या नियमांतली ही बाजू मला सर्वांत माणुसकीची वाटते.

घोडं अडतं ते या भत्त्यासाठी होणाऱ्या मुलाखतीत. तपासणाऱ्याला त्या वेळेपुरतंच माणूस दिसतं, आणि आपल्याकडून तिकडे गेलेल्या माणसांना तर कुणी विचारलं की 'बरं चाललंय' म्हणायची सवय. अर्जात 'कधीकधी त्रास होतो' असं लिहिलं, तर त्यातून दिवस मोजता येत नाहीत. 'आठवड्यातून 4 दिवस शर्टाची बटणं लावता येत नाहीत' यातून येतात. म्हणून रोज दोन ओळींची नोंद ठेवावी, चांगल्या दिवसांचीसुद्धा.

निर्णय पटला नाही तर महिन्याभरात फेरविचार मागता येतो, नंतर स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे जाता येतं. तिथे मूळ निर्णयाच्या वेळची परिस्थितीच पाहतात. सुनावणीला उशीर लागला, तरी निर्णयाच्या वेळच्या महिन्यांची नोंदवही जपून ठेवावी.