चाळिशीनंतर हातात थापी

नागपूरचा मोमिनपुरा आणि शेजारचे कामठी या विणकरांच्या जुन्या वस्त्या. 1877 मध्ये सुरू झालेली एम्प्रेस मिल 2002 मध्ये बंद पडली. हातमाग तर त्याआधीपासूनच थंडावत चालले होते. ज्या घरांत आजोबा आणि वडील मागावर बसले, त्या घरांतली मुले आता चाळिशी-पंचेचाळिशीत आहेत. कोणी ऑटो चालवतो, कोणी फेरी करतो, आणि कितीतरी जण बांधकामाच्या साइटवर हेल्पर म्हणून जातात.

शहर चारी बाजूंनी वाढते आहे, त्यामुळे काम मिळते. प्रश्न वयाचा आहे. घमेले उचलणाऱ्याची किंमत वयाबरोबर घटते आणि मिस्त्रीची वाढते. पन्नाशीत कंबर धरली की हेल्परला ठेकेदार विचारत नाही. फरशीची लेव्हल अचूक धरणाऱ्याला मात्र साठीतही बोलावणे येते. म्हणून आमचे म्हणणे असे की, चाळिशीत कसब शिकणे ही हौस नाही, पुढच्या वीस वर्षांच्या रोजीची तजवीज आहे.

कोणासाठी कोणते दार?

सतरा सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्या यादीत हातमाग विणकर नाही, पण राजमिस्त्री आणि सुतार आहेत. वयाची वरची मर्यादा नाही. मात्र अर्जदार ते काम आधीपासून स्वतःच्या हाताने करणारा हवा, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. प्राथमिक प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे, म्हणजे 40 तासांचे. पुढचे 120 तासांचे. प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये भत्ता आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. नोंदणी सेवा केंद्रावर होते.

याच योजनेत 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख आणि नंतर 2 लाख रुपयांपर्यंत कर्जाची सोय आहे. व्याजामुळे आपली अनेक माणसे योजनेचे नाव ऐकूनच मागे फिरतात. पण कर्ज घेण्याची सक्ती नाही. प्रशिक्षण आणि अवजारांची मदत कर्जाशिवायही घेता येते.

कौशल्य विकास योजनेच्या अल्पकालीन वर्गांना 45 वर्षांची अट आहे. ज्यांना काम येते पण हाती कागद नाही, त्यांचे कसब तपासून प्रमाणपत्र देण्याची सोय 59 वर्षांपर्यंत आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाने म्हणूनच पुढच्या वर्षावर ढकलू नये. 2025 च्या ऑक्टोबरपासून राज्यातील सरकारी आयटीआयमध्येही अल्पकालीन अभ्यासक्रम सुरू झाले आहेत. जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करावी.

वीजकामाकडे वळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वायरिंगचे काम स्वतःच्या जबाबदारीवर करायला सरकारी परवाना लागतो, तो छोट्या कोर्सने मिळत नाही. उशिरा सुरुवात करणाऱ्याला फरशी, गिलावा, प्लंबिंग किंवा रंगकाम सोयीचे.

सात दिवसांत मिस्त्री होत नाही

चाळीस तासांत ओळंबा, गुनिया आणि लेव्हल यांची ओळख होते, मोजमाप कळते. हात बसतो तो साइटवरच. न्हाणीघराचा ढाळ जाळीकडे किती द्यावा, फरशीवर टिचकी मारून खालची पोकळी आवाजावरून कशी ओळखावी, वीट लावण्याआधी भिजवून का घ्यावी, हे रोज करूनच अंगवळणी पडते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, काँक्रीटला सात दिवस पाणी मारून थांबणारा आणि दहा दिवस मारणारा यांच्या कामातला फरक पुढे भेगांवरून दिसतो. ज्यांनी मागावर सरळ रेघ आणि धीर शिकला, त्यांना फरशीचे काम लवकर जमते.

अडचण वेगळीच असते. ज्याच्या हाताखाली शिकायचे तो उस्ताद बहुधा वयाने दहा वर्षांनी लहान असतो. त्याला उस्ताद म्हणताना जीभ अडखळते. पण हाताच्या कमाईला आपल्या दीनमध्ये मोठा मान आहे. हजरत जकरिया (अलैहिस्सलाम) सुतारकाम करत, हे आपण मुलांना सांगतोच. मग शिकण्यात कमीपणा कसला?

घरच्यांचा वाटा

शिकण्याच्या काळात कमाई घटते. त्यासाठी दोन-तीन महिन्यांचे रेशन, भाडे आणि मुलांची फी यांचा हिशेब नवरा-बायकोने आधीच बसून करावा. शक्य असेल तर भावांनी त्या महिन्यांचा भार वाटून घ्यावा; ते उसने बिनव्याजाचे आणि घरातले असेल.

आणखी एक काम आजच करण्यासारखे आहे. वर्षभरात 90 दिवस बांधकामावर काम केलेल्या 18 ते 60 वयाच्या कामगाराला, तो हेल्पर असला तरी, राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. कामाचे दिवस वहीत लिहून ठेवा आणि ठेकेदाराकडून 90 दिवसांचा दाखला मागून घ्या. मंडळाच्या योजनांत मुलांच्या शिक्षणासाठीही मदत मिळते.