भीमगीतातील रणभूमी आणि गामणिसंयुत्त

नांदेड-लातूर भागात भीमजयंतीच्या मंचावर पेटी-ढोलकीच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड येऊन बराच काळ लोटला. त्या ठेक्यावर हमखास रंगते ते भीमा कोरेगावच्या लढाईचे गीत. एका कडव्यात तलवार, पुढच्या कडव्यात बुद्धाची करुणा! असे गीत उपासकाने गावे काय, ही शंका रास्त आहे.

वडीलधाऱ्यांचा रोष बहुधा कीबोर्डवर निघतो; तो अनाठायी होय. दीघनिकायातील सक्कपञ्हसुत्तात पंचशिख गंधर्व वीणेवर गातो. गीत चक्क प्रेमाचे, आणि त्यातच बुद्ध, धम्म व अर्हंत यांचा उल्लेख. तथागत त्याला दटावीत नाहीत. वीणा आणि कंठ यांच्या मेळाला दाद देतात. भिक्खूंना व उपोसथ पाळणाऱ्यांना गीतवाद्य वर्ज्य आहे, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न खरा आशयाचा आहे. संयुत्तनिकायाच्या गामणिसंयुत्तात नटांचा प्रमुख तालपुट येतो आणि लगेच पुढच्या सुत्तात योधाजीव, म्हणजे शस्त्रावर उपजीविका करणारा गामणी. पूर्वाचार्यांनी दोघांनाही स्वर्गाचे आश्वासन दिलेले असते: एकाला लोकांना रिझविल्याबद्दल, दुसऱ्याला रणात झुंजत मेल्याबद्दल. हे खरे काय, असे ते विचारतात. तथागत दोनदा उत्तर टाळतात. तिसऱ्यांदा मात्र स्पष्ट सांगतात की, श्रोत्यांच्या राग, द्वेष व मोहात भर घालणारा नट आणि समोरच्याचा वध व्हावा अशा चित्ताने लढणारा योद्धा यांची गती निरयच. दोघेही रडतात, उत्तर कठोर म्हणून नव्हे, तर आपण दीर्घकाळ फसविले गेलो म्हणून. पुढे तालपुट भिक्खू होऊन अर्हत्पदाला पोचतो आणि योधाजीव उपासक होतो. म्हणजे सैनिकाला धम्माचे दार बंद नाही. रणमरणाला पुण्य ठरविणारी शिकवण तेवढी नाकारली आहे. युद्धगीत गाणाऱ्याला ही दोन्ही सुत्ते लागू पडतात.

१ जानेवारी १८१८ च्या लढाईची स्मृती आपल्या समाजाने स्वर्गाच्या आशेने जपली नाही. इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केल्यानंतर शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये ब्रिटिश सरकारकडे अर्ज केला, तेव्हा पूर्वजांची सैनिकी सेवा हा हक्काचा पुरावा होता. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी त्या स्तंभापाशी गेले. त्याच बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ मध्ये प्रकाशित झालेल्या ग्रंथात, शाक्य-कोलियांच्या पाणीतंट्यातील युद्धाला सिद्धार्थाने केलेला विरोध हेच गृहत्यागाचे कारण मांडले.

त्या स्तंभावर 'नाक' प्रत्ययाची नावे कोरलेली आहेत. गीतांत ती क्वचितच येतात. येतो तो पाचशे विरुद्ध अठ्ठावीस हजारांचा आकडा. प्रत्यक्ष चढाई करणारे पेशव्यांचे सैनिक त्याहून पुष्कळ कमी होते. तरी कापलेल्यांची संख्या गाण्यात वाढत जाते, टाळ्याही वाढतात, आणि मला तालपुट आठवतो.