ताडपत्रांच्या जुडग्यातला कौटिल्य

चाणक्य कोणाला ठाऊक नाही? दूरदर्शनवरची १९९१ ची मालिका ज्यांनी पाहिली, त्यांच्या डोळ्यांसमोर शेंडी मोकळी सोडलेला तो करारी ब्राह्मण आजही उभा राहतो. रेल्वे स्टेशनवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर त्याच्या नावाने नीतीपासून व्यवस्थापनापर्यंत काहीही खपते. पण आपल्या पणजोबांच्या काळापर्यंत 'कौटिलीय अर्थशास्त्र' हा ग्रंथ छापील रूपात कोठेही मिळत नव्हता. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त त्याचा उल्लेख होता, कामंदकाच्या 'नीतिसारा'त त्याची छाया होती, टीकाकार त्यातली वचने देत होते. मूळ ग्रंथ मात्र हरवला, असेच विद्वान धरून चालले होते. तो हाती आला आपल्याच राज्यात, म्हैसूरच्या ग्रंथालयात. वर्गात हे सांगितले की मुलांना खरे वाटत नाही. पुस्तके हरवतात, हेच मुळी त्यांना नवे असते.

राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली म्हणून म्हैसुरात १८८७ मध्ये ज्युबिली इमारतीची पायाभरणी झाली. पुढे महाराज दहावे चामराजेंद्र वडेयर यांच्या आश्रयाखाली १८९१ मध्ये सरकारी प्राच्य ग्रंथालय स्थापन झाले. दिवाण होते के. शेषाद्री अय्यर. गावोगावच्या पंडितांकडच्या, मठांतल्या हस्तलिखित पोथ्या जमवायच्या, त्यांची सूची करायची आणि निवडक ग्रंथ छापायचे, असे काम. १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ निघाले आणि ग्रंथालय विद्यापीठाकडे आले. १९४३ पासून त्याचे नाव प्राच्य विद्या संशोधन संस्था असे आहे.

या ग्रंथालयाचे ग्रंथपाल होते रुद्रपट्टण शामशास्त्री. जन्म १८६८ चा, कावेरीकाठच्या रुद्रपट्टण गावचा. संस्कृतात मुरलेले, पण मद्रास विद्यापीठाची बी. ए. पदवीही घेतलेली. ग्रंथपाल म्हटले की पुस्तक देणारा-घेणारा आणि उशीर झाला की दंड लावणारा माणूस, अशी आपली समजूत. शामशास्त्री आलेली पोथी उघडून वाचत.

१९०५ च्या सुमारास तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने ताडपत्रांचा एक जुडगा ग्रंथालयाला दिला. शामशास्त्रींनी पुढे ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याचा उल्लेख 'तंजावर जिल्ह्यातला एक पंडित' एवढाच केला आहे. लिपी होती ग्रंथ. तमिळ लिपीत संस्कृतचे बरेच वर्ण नाहीत, म्हणून त्या मुलखात संस्कृत लिहायला ही वेगळी लिपी वापरत. आपल्याकडे घरचा हिशेब मोडीत आणि पोथी बाळबोधीत असे, तसाच काहीसा प्रकार. सोबत भट्टस्वामींच्या टीकेचा तुटका भागही होता. शामशास्त्रींनी पाने लावली आणि त्यांच्या लक्षात आले की हा ग्रंथ दुसरा-तिसरा नसून साक्षात कौटिल्याचा आहे. १५ अधिकरणे, १५० अध्याय. शेतीखात्याचा अधिकारी, बाजाराचा अधिकारी, हेर, किल्ले, दंड, सगळे त्यात. सरकारी पैसा खाण्याचे ४० मार्गही मोजून दिलेले! (त्या यादीत आज किती भर पडेल, हे वाचकांनीच ठरवावे.) दफ्तर कसे ठेवावे, याचाही एक अध्याय आहे. जमाखर्चाच्या नोंदवह्या राज्याने कशा सांभाळाव्यात हे बारकाईने सांगणारा ग्रंथ शतकानुशतके विस्मरणात पडावा, हा योगायोग चमत्कारिकच म्हणायचा.

१९०९ मध्ये म्हैसूरहून मूळ संस्कृत ग्रंथ छापून निघाला. त्याआधीपासून शामशास्त्री इंग्रजी भाषांतराचे भाग नियतकालिकांतून देत होते. पूर्ण भाषांतर १९१५ मध्ये पुस्तकरूपाने आले. त्याला प्रास्ताविक लिहिले जे. एफ. फ्लीट यांनी. हे नाव आपल्या भागाला परके नाही. कोल्हापूर आणि दक्षिण मराठा मुलखात नोकरी केलेले, इथले कन्नड शिलालेख वाचून कानडी मुलखातल्या राजघराण्यांचा इतिहास लिहिणारे तेच हे फ्लीट. ग्रंथाच्या खरेपणाबद्दल, काळाबद्दल युरोपात वाद पेटले. हिंदूंना राज्यशास्त्र ठाऊकच नव्हते, असे ठामपणे लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली. नाल्वडी कृष्णराज वडेयर युरोपात गेले असता 'शामशास्त्रींचे म्हैसूर ते हेच का?' असे त्यांना तिकडे विचारले गेले, अशी गोष्ट म्हैसुरात सांगतात. गोष्ट रंगवलेली असेल, पण अशी गोष्ट ग्रंथपालाबद्दल सांगितली जावी, हे मला महत्त्वाचे वाटते.

एक पोथी छापली म्हणजे काम संपले असे नाही, हे मात्र सांगायला हवे. म्हैसूरची प्रत पहिली, पण निर्दोष नव्हती. पुढे केरळात मल्याळम लिपीतल्या प्रती मिळाल्या. गुजरातेत पाटणच्या जैन भांडारात देवनागरीतला एक तुकडा मिळाला. गणपतिशास्त्रींनी १९२४-२५ मध्ये तिरुवनंतपुरमहून संस्कृत टीकेसह आवृत्ती काढली. मराठीत ज. स. करंदीकर आणि बा. रा. हिवरगावकर यांनी त्याच दशकात भाषांतर केले. मग मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी उपलब्ध प्रती ताडून १९६० ते १९६५ या काळात तीन खंडांत चिकित्सक आवृत्ती, इंग्रजी भाषांतर आणि अभ्यास दिला. जगभरचे अभ्यासक आजही कंगल्यांचा पाठ हाताशी ठेवतात. म्हैसूरचा जुडगा हाती आला नसता तर इतर प्रती शोधायला कोण निघाले असते?

ही संस्था करते काय, असे पालक विचारतात. मुलाला संस्कृत किंवा इतिहास घ्यायचा म्हटले की हा प्रश्न येतोच. तिथे ग्रंथ, नंदिनागरी, तिगळारी, कन्नड, तेलुगू अशा लिप्यांतली हजारो हस्तलिखिते आहेत. प्रत्येकीची नोंद होते: नाव, लिपी, पाने किती, एका पानावर ओळी किती, आरंभ कोणता, शेवट कोणता, कीड कुठे लागली. ही वर्णनात्मक सूची छापली जाते. दूरच्या अभ्यासकाला ती पाहूनच कळते की आपल्याला हवे ते इथे आहे. ताडपत्र कोरडे पडले की तुटते. म्हणून ते साफ करून त्याला गवती चहाच्या जातीचे तेल लावतात, दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधतात. पुण्याच्या पेशवे दप्तरात याच बांधणीला 'रुमाल' म्हणतात. आता छायाचित्रे घेऊन संगणकावर ठेवण्याचे कामही होते. पण ती छायाचित्रे वाचणारा माणूस तयार करणे हे त्याहून अवघड. नंदिनागरी वाचणारे आज किती जण उरलेत?

आपल्या सीमाभागात तर घरोघरी असे जुडगे आहेत. लिंगायत मठांत ताळेगरी आहेत, देशस्थांच्या घरी पोथ्या आहेत, इनामदार-वतनदारांच्या माळ्यावर मोडी कागदांची गाठोडी आहेत. आजोबा मराठीत लिहीत, आजी वचने कन्नडमध्ये म्हणे आणि नातवाला दोन्ही लिप्या धड येत नाहीत, अशा घरात गाठोडे रद्दीत जायला एक दिवाळी पुरते.

पोथी आणि दफ्तर यांत फरक आहे, तेवढा लक्षात ठेवावा. ७५ वर्षांहून जुना हस्तलिखित ग्रंथ असेल तर त्याची नोंद २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने घेतली. आता २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'ज्ञान भारतम्' मोहिमेत ते काम पुढे चालले आहे. कन्नड ताळेगरी असतील तर धारवाडच्या कन्नड संशोधन संस्थेत विचारावे. ही संस्था १९३९ ची, आज कर्नाटक विद्यापीठात आहे. मोडी पत्रे, सनदा, हिशेब यांच्यासाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार जवळ पडते. मूळ देऊन टाकायची नसेल तर छायाचित्रे घेऊ देता येतात का, हे आधी स्पष्ट बोलून घ्यावे आणि दिल्यास पोच घ्यावी.

तोवर घरात एवढे करावे. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर अजिबात करू नये. तुटलेले तुकडे वाटले तरी फेकू नयेत, त्याच कापडात ठेवावेत. आणि एका चिठ्ठीवर, कन्नडमध्ये किंवा मराठीत, हे कोणाच्या घरचे, कोणाच्या हातचे, कोठून आले, ते पूर्ण नावानिशी लिहून जुडग्यासोबत बांधावे.