आनंदाश्रू गोड नसतात

२ एप्रिल २०११. वानखेडेवर धोनीचा षटकार गेला, अठ्ठावीस वर्षांनी विश्वचषक भारताकडे आला आणि युवराज सिंग, हरभजन सिंग मैदानातच रडू लागले. घरोघरी टीव्हीसमोरही डोळे पुसले गेले. जिंकल्यावर रडू का यावं, याबद्दल मात्र अनेक चुकीच्या समजुती आहेत.

दुःखाचे अश्रू खारट आणि आनंदाचे गोड, ही त्यातली एक. प्रत्यक्षात दोन्ही त्याच अश्रुग्रंथींतून येतात आणि दोन्ही खारटच. आनंदाचा पहिला थेंब उजव्या डोळ्यातून आणि दुःखाचा डाव्यातून येतो, असा संदेश मोबाइलवर फिरतो. त्यालाही आधार नाही. भावना अनावर झाली की मेंदूचा इशारा दोन्ही डोळ्यांच्या ग्रंथींना जातो. आरशासमोर उभं राहून खालची पापणी नाकाजवळच्या कोपऱ्यात हलकेच खाली ओढून पाहा. कडेला टाचणीच्या टोकाएवढं छिद्र दिसेल. अश्रू तिथून नाकात उतरतात, म्हणून हसता हसता रडणाऱ्यालाही नाक पुसावं लागतं.

रडल्याने शरीरातली विषारी द्रव्यं निघून जातात, असंही सांगतात. ते काम यकृताचं आणि मूत्रपिंडांचं. अश्रूंवाटे शरीर शुद्ध होतं, हे सिद्ध झालेलं नाही.

सर्वांत अन्यायकारक समज म्हणजे, आनंदात रडणारा माणूस मनाने कच्चा. येल विद्यापीठातल्या ओरियाना ॲरागॉन आणि सहकाऱ्यांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळंच सुचवतो. गोंडस बाळ दिसलं की ‘खाऊन टाकू का तुला!’ म्हणत गालगुच्चा घेणारी माणसं आनंदाच्या इतर प्रसंगीही रडण्याची शक्यता जास्त असते, आणि भावनेच्या भरातून ती लवकर सावरतात, असं त्यात दिसलं. रडू हा मनाचा तोल सावरण्याचा एक मार्ग असावा, असा त्यांचा अंदाज आहे. मला तो पटतो. मुलीचा बारावीचा निकाल पाहून पदर डोळ्यांना लावणाऱ्या आईच्या मनात त्या क्षणी वर्षभराची धाकधूकही असतेच. ती ओसरताना डोळे भरून येतात, यात कसला कच्चेपणा?

म्हणून लग्नमुंजीत कुणाचे डोळे भरून आले, तर ‘शुभकार्यात रडू नये’ म्हणून दटावू नका. काळजी करायची ती वेगळ्या रडण्याची. पक्षाघातानंतर किंवा मेंदूला मार लागल्यावर माणसाला मनात तशी भावना नसतानाही अचानक, न आवरणारं रडू किंवा हसू येऊ लागलं, तर तो हळवेपणा समजू नका. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत, मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.